घोडीचा नारळ

माझ्या धाकट्या दिरासारखा माणूस रत्नागिरीत दुसरा झाला नाही, आणि झाला नाही ते गावाच्या दृष्टीने बरंच झालं. मिरकरवाड्याला त्यांच्या मासेमारीच्या बोटी होत्या, बर्फाचा कारखाना होता, कोळंबी परदेशात जायची, आणि एवढं कमी म्हणून पुण्याच्या शर्यतीत धावणारी एक घोडी होती. घोडे बाळगणारे पैसेवाले इतरही असतील. पण घोडी म्हणजे चार पायांची बोट असं धरून चालणारे आमचे भावोजी एकटेच. माझी शाळा चौथीपर्यंत, मला घोड्यातलं काही कळत नाही. त्यांनाही कळत नव्हतं, पण मी तसं सांगायची आणि ते सांगत नसत.

बोट घ्यायची तर आधी मागून बघायची, हा त्यांचा नियम. घोडी घ्यायला गेले तेव्हाही सवयीने तिच्या मागे जाऊन उभे राहिले. तिने मांडीवर अशी लाथ घातली की पुढे कित्येक दिवस लंगडत होते. घरी येऊन म्हणाले, "इंजिन चांगला हाय." माझी जाऊ त्यांच्या मांडीला तेल चोळत होती. ती म्हणाली, "अजून जरा वर बसली असती, तर बोट हाकायला तांडेल नवा बघावा लागला असता." त्या घोडीवर ते कधी बसले नाहीत, की तिच्यावर कधी पैसे लावले नाहीत. "आपल्याच बोटीवर कोण पैज लावतो?" असं विचारत.

दुसरी गोष्ट त्यांच्या वासाची. कितीही आंघोळ केली, अत्तर लावलं, तरी अंगाची मासळी जात नसे. मला एकदा शर्यत बघायला पुण्याला नेलं होतं. आजूबाजूला सगळे कोटवाले, आणि आमच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. "बघा वहिनी, किती मान देतात," ते म्हणाले. हे खरं समजून म्हणाले की चेष्टेने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. घोडी मात्र त्यांच्या काखेत नाक खुपसून उभी राहायची.

पावसाळ्यात आमच्याकडे बोटी किनाऱ्यावर ओढतात, झावळ्यांनी शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडल्याशिवाय परत पाण्यात घालत नाहीत. पुण्याच्या शर्यती नेमक्या पावसाळ्यात. भावोजींनी कळवून टाकलं, पौर्णिमेपर्यंत घोडी धावणार नाही. तिला तयार करणाऱ्या ट्रेनरचा फोन आला. भावोजी फोनवर या बोटीवरून त्या बोटीला हाळी द्यावी तसे बोलत, त्यामुळे पलीकडचाही ओरडायला लागे आणि दोघांचंही सगळं घर ऐके.

"शेठ, पुण्यात समुद्र आहे का?"

"पाऊस हाय ना? मग झाला."

दर साली घोडी अर्धा हंगाम उभी राहून खात असे. पौर्णिमेच्या पाटीत प्रत्येक बोटीचा एक नारळ, त्यावर घोडीचा एक. जाऊ दर साली म्हणे, "हा नारळीभातात घातला तर पोटात तरी जाईल." जिंकली ती कधीच नाही. एकदा दुसरी आली, तेव्हा पेढे वाटले.

मग एका साली सरावात घोडीच्या पुढच्या पायाची शीर गेली. ट्रेनरचा फोन आला. "शेठ, आता ही धावायची नाही. विकत कोणी घेणार नाही. उद्या गोळी घालून मोकळी करतो." भावोजी म्हणाले, "मी येईपर्यंत तिला हात लावू नको." घरात सगळ्यांचं मत ट्रेनरसारखंच होतं, माझंही. मी तसं बोललेही.

"वहिनी, बोट दर्यात जायची थांबली की काय करतात?"

"वर ओढून ठेवतात."

"जाळतात?"

"नाही."

"मग झाला," म्हणाले, आणि पुण्याला मासळी घेऊन निघालेल्या ट्रकात ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

पुढचं ड्रायव्हरने सांगितलं. मासळी उतरवून ट्रक धुतला, पण वास कुठे जातो? ट्रेनर हसला. "ही घोडी या घाणीत पाय ठेवायची नाही." भावोजी वर चढून आत उभे राहिले. घोडीने नाक उचललं, वास घेतला, आणि लंगडत फळीवरून सरळ त्यांच्याजवळ गेली. ज्या वासाला लोक खुर्ची सोडून उठत, तो तिच्या ओळखीचा होता.

परसात तिला बोटीसारखी झावळ्यांनी शाकारून जागा केली. रोज सकाळी भावोजी तिला भाट्याच्या किनाऱ्यावर नेऊन खाऱ्या पाण्यात उभी करत. लोक विचारत, "शेठ, घोडी मासे धरते काय?" ते म्हणत, "धरील." पाय जरा सुधारला. धावली कधीच नाही.

भावोजी तिच्या आधी गेले. छातीत दुखलं, एवढंच निमित्त. पुढच्या पौर्णिमेला जाऊने पाटी भरली. मी बघितलं, बोटींपेक्षा नारळ एक जास्त.

"चुकलीस गो भरताना," मी म्हटलं.

"चुकले नाय, वहिनी. घोडी हाय ना अजून."

पाटी आम्ही दोघींनी धरली. नारळीभाताला त्या साली नारळ कमी पडला.