गुरम्माच्या डबीतली पावडर

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पाऊस धड पडून तीन. सरकारनं कलेक्टर दिला, नव्या कचेऱ्या दिल्या, पाट्या रंगवून दिल्या, पण नळाला पाणी मात्र आठव्या दिवशी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं लोक हॉटेलात बसून म्हणायचे आणि घरी जाऊन टँकरच्या रांगेत घागरी मांडायचे. या नव्या जिल्ह्यानं कुणाचं काय भलं केलं ते सरकारला ठाऊक, गुरम्माचं काम मात्र वाढवलं.

गुरम्मा तान्ह्या लेकरांना न्हाऊ घालायची. मूळची चाकूरची, लिंगायताची लेक. नवरा मोंढ्यात हमाली करायचा. पोत्यांची थप्पी अंगावर येऊन तो गेला तेव्हा ती बावीस वर्षांची होती, पदरात मूल नव्हतं. सासूनं तिला फार दिवस रडत बसू दिलं नाही. आपल्याबरोबर एका बाळंतिणीच्या घरी नेलं, पाटावर बसवलं, पाय लांब करायला लावले आणि तिच्या नडग्यांवर आठ दिवसांचं लेकरू पालथं टाकलं. त्याला आता पस्तीस वर्षं झाली होती. मिसरूड फुटलेल्या पोराला ती भर रस्त्यात अडवून म्हणायची, "लई ताठ चालू नको, तुझी टाळू म्या भरलीय." पोरगं लाजून चूर व्हायचं आणि तिच्या पाया पडायचं.

नव्या कचेऱ्यांबरोबर परगावचे कारकून आले. त्यांच्या तरण्या बायका दोन-दोन खोल्यांत संसार मांडून बसल्या, आई एका गावाला आणि सासू दुसऱ्या गावाला. त्यांची बाळंतपणं गुरम्माच्याच गळ्यात पडली. लक्ष्मणराव कलेक्टर कचेरीत लागलेला, अर्धापूरकडचा. त्याची बायको पंचफुला मुदखेडची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई आदल्याच वर्षी वारलेली. तेव्हा सासू नागाबाई अर्धापूरहून आली आणि गुरम्माला बोलावणं गेलं. मुलगी झाली होती.

न्हाऊ घालणं म्हणजे पाणी. घंगाळभर ऊन पाणी, वर चार तांबे, मग धुरी, मग विभूतीची बोटं कपाळाला. पण त्या उन्हाळ्यात पाणी कुठलं? लेकराच्या वाट्याला दीड तांब्या यायचा. दुपटी एकाच बादलीत बुचकळून काढायची, त्यांच्यातला साबणसुद्धा निघायचा नाही. घरोघर लेकरांच्या मांड्या लालबुंद व्हायला लागल्या. गुरम्माला हे सहन होईना. तिच्या हाताखालच्या लेकराला पुरळ म्हणजे तिच्या नावाला डाग. ती आधी शंखजिऱ्याची पूड वापरायची. त्या उन्हाळ्यात तिनं त्यात बोरिक मिसळायला सुरुवात केली. मेडिकलमध्ये सुटी मिळायची, क्लबातली पोरं कॅरमवर भुरभुरतात तीच पांढरी पावडर. दवाखान्यात नर्सबाई बोरिकच्या पाण्यानं डोळे धुताना तिनं पाहिलं होतं. जे डोळ्याला चालतं ते ढुंगणाला न चालायला काय झालं, असा तिचा हिशोब. आणि पुरळ वाळायची खरी. मग चिमटीची मूठ झाली आणि शंखजिरं कमी होत गेलं.

पंचफुला दहावी पास होती आणि भारी वाचायची. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकायची नाही. नवऱ्यानं हौसेनं कंपनीच्या पावडरचा डबा आणला तर तिनं डब्यावरचं बारीक अक्षर दोन दिवस वाचलं, त्यातलं काही समजलं नाही आणि जे समजलं नाही ते पोरीला लावायचं नाही म्हणून डबा फळीवर ठेवून दिला. दोन महिन्यांच्या पोरीच्या मांड्यांची साल निघायला लागली होती. एक दिवस गुरम्मा डबी उघडून पावडर लावत असताना तिनं विचारलं,

"मावशी, ह्याच्यात काय काय असतं हो?"

"लेकराची पावडर हाय. दुसरं काय असणार?"

"तसं न्हाई. पेपरात आलं होतं. तान्ह्याची कातडी पातळ असती, लावलेलं सगळं अंगात उतरतं म्हणे. म्हणून विचारलं."

पस्तीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. खरं सांगायचं तर बोरिक म्हणजे नेमकं काय हे गुरम्मालाही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे एका कालच्या पोरीपुढं कबूल करायचं नव्हतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"मठातली विभूती हाय ह्याच्यात. देवाचं असं इचारू न्हाई, पोरी."

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. डबीत ती चिमूटभर विभूती टाकायची, लेकरांना लाभावी म्हणून. पण चिमूटभर खऱ्याआड मूठभर खोटं लपलं. पंचफुला एवढीशी झाली. बाहेरच्या खोलीतून नागाबाईंनी सुनेला ऐकवलं, "चार बुकं शिकली तर देवाची झडती घ्यायला लागली." त्या दिवशी पंचफुलानं डबी ठेवून घेतली आणि प्रायश्चित्त केल्यासारखी दर दुपट्याला पावडर लावायला लागली, आणि तीही उघड्या पडलेल्या, साल गेलेल्या कातडीवर.

पाचव्या दिवशी पोरगी ओकायला लागली. जुलाब झाले. अंग भाजल्यासारखं लाल झालं, मग तिनं डोळे फिरवले आणि हातपाय झटकले. लक्ष्मणराव तिला घेऊन सरकारी दवाखान्यात पळाला. गुरम्मा मागून धापा टाकत पोचली तेव्हा डॉक्टर पोरीच्या मांड्या निरखून बघत होते.

"अंगाला काय लावता?" त्यांनी विचारलं. "बोरिक पावडर तर नाही ना? कातडी फाटलेली असली की ते विष होऊन अंगात भिनतं. तान्हं लेकरू त्यात दगावतं."

"न्हाई हो साहेब," पंचफुला म्हणाली. "फक्त विभूती लावतो."

गुरम्मा तिच्या शेजारी उभी होती. हात लांब केला असता तर डॉक्टरांच्या कोटाला लागला असता. सांगितलं तर पोलीस येतील का, गल्ली काय म्हणेल, हे काम शिकवलेल्या आपल्या सासूचं नाव, आपलं नाव, हे सगळं एकदम डोक्यात आलं आणि ती मूग गिळून उभी राहिली. डॉक्टरांनी मान हलवली आणि विचारलं, "मग पाणी कुठलं देता?"

पाणी टँकरचं होतं. रॉकेल संपलं होतं म्हणून दोन दिवस उकळलंही नव्हतं. नागाबाईंना तेवढंच पुरे झालं. "काल म्या म्हणलं व्हतं, पाणी उकळ. आळस हिचा, आन् भोगलं माझ्या नातीनं." पंचफुला खाली मान घालून रडत राहिली. आपल्याच हातून झालं हे तिनं मान्य करून टाकलं होतं.

दवाखान्यात पावडर लागली नाही आणि सलाईन लागलं, म्हणून पोरगी वाचली. पण पहिले दोन दिवस कुणाला काही सांगता येत नव्हतं. त्या दोन दिवसांत गुरम्मा घरी बसून एकेक गल्ली आठवत होती. या उन्हाळ्यात तिची डबी किती घरांत गेली होती? चैत्रात तिच्याच हाताखालचा, संगप्पांचा नातू गेला, जुलाब होऊन. सगळे म्हणाले पाण्यानं गेला, तीही म्हणाली होती. त्या लेकराच्या मांड्या लाल होत्या का, हे आठवायचा ती जिवाच्या आकांतानं प्रयत्न करायची, आणि आठवेल या भीतीनं उठून भांडी घासायला लागायची. उरलेलं बोरिक तिनं परसात पुरलं. पुरताना आपण चोर आहोत असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं.

पोरगी घरी आली. पंचफुलानं पहिलं काम काय केलं, तर रिकामी डबी घेऊन गुरम्माकडं गेली.

"मावशी, विभूती भरून द्या. मी देवावर शंका घेतली म्हणून माझ्या लेकराला भोगावं लागलं."

गुरम्मानं नुसती विभूती भरून दिली. बोरिक नाही, शंखजिरंही नाही. पोरीला आता धोका नाही, एवढ्यावर मनाची समजूत घालून ती गप्प बसली. पोरगी बरी होते आहे, मग जुनं कशाला उकरायचं? माणूस स्वतःला असं पटवायला लागला की त्याला वकील लागत नाही.

पण पंचफुलानं नवस बोलला होता. सिद्धेश्वराला सोळा सोमवार, निरंकार, पाण्याचा घोटसुद्धा नाही, आणि मधल्या दिवसांत एकच वेळ जेवण. नागाबाईंनीच सांगितलं होतं. भर उन्हाळा आणि अंगावर पिणारं लेकरू. तिसऱ्या सोमवारी गुरम्मा न्हाऊ घालायला गेली तर पोरगी छातीशी झटत होती, सोडत होती आणि किंचाळत होती. दूध येत नव्हतं. पंचफुलाच्या ओठांना चिरा पडल्या होत्या.

"पाणी पी," गुरम्मा म्हणाली.

"न्हाई मावशी. अजून तेरा ऱ्हायले."

गुरम्मानं पोरीला पायावर घेतलं. महिन्यापूर्वी भरलेल्या मांड्या आता तिच्या बोटांच्या कडीत मावत होत्या. पस्तीस वर्षांचे हात होते ते, वजन त्यांना तराजूपेक्षा आधी कळायचं. एकदा पावडरीनं हिला मारायला निघाले, आता उपासानं मारतेय, असं तिच्या मनात आलं आणि तांब्या हातातच राहिला.

"पंचफुला," ती म्हणाली, "त्या डबीत बोरिक व्हतं. डाक्टरनं इचारलं तेच. विभूती चिमूटभर. म्या तुला लबाड बोलले आन् तिथं दवाखान्यात गप ऱ्हायले. तुझ्या हातून काय बी झालं न्हाई. पाण्यानं न्हाई, शंकेनं न्हाई. माझ्या हातानं झालं."

पंचफुला जागची उठली. मग तिनं पुढं होऊन पोरीला गुरम्माच्या पायांवरून उचललं, ओलीच, आणि पदरात गुंडाळली.

"तिथं डॉक्टर विचारत होते, तेव्हा तुम्ही माझ्याजवळ उभ्या होता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर गुरम्माला बरं वाटलं असतं. "मी रडून राहिले होते, तुम्ही पाठीवर हात फिरवत होता."

"हाव."

"मग मला काय सांगता आता? आत्याबाईला सांगा. रोज उठता-बसता ऐकून राहिले मी, लेकराला मारायला निघालेली म्हणून. त्यांना सांगा."

ती माठाकडं गेली आणि उभ्यानं दोन पेले पाणी प्याली. गुरम्मा ओल्या पायांनी तशीच बाहेरच्या खोलीत गेली. हे काम जास्त अवघड होतं. नागाबाईंच्या तोंडून अर्ध्या गल्लीला कळणार, मग पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही, संगप्पांच्या घरीही ही बातमी जाईल. जाऊ दे, असं तिनं ठरवलं. नागाबाई डाळ निवडत बसल्या होत्या. गुरम्मा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. बोरिक कुठून आणलं, किती घातलं, का खोटं बोलली, डॉक्टरांपुढं कशी गप्प राहिली. सांगताना ती रडली नाही, रडायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं.

नागाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्या गुरम्माकडं बघत राहिल्या आणि हळूहळू त्यांचे डोळे भरून आले.

"गुरम्माबाई," त्या म्हणाल्या, "ह्या पोरीनं तुमच्यापुढं रडगाणं गायलं आसल. आन् तुम्ही तिच्यासाठी आळ सोताच्या अंगावर घ्यायला निघाल्या. न्हाई, म्या ऐकायची न्हाई. पस्तीस वरसं लेकरं वाचविलेला हात हाय हा. गाव खोटं बोलल का?"

"खरं सांगतेय म्या, बाई. माझ्या गळ्यातल्या लिंगाची आण."

"आणिक आण कशाला घेता तिच्यापायी?" नागाबाईंनी मागं वळून आतल्या खोलीकडं आवाज टाकला, "बघ गं, माणूस कसं असतं ते. तुझं पाप झाकायला ही देवमाणूस आण घ्यायला लागली."

आत पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. पंचफुला दारात आली, पोरगी तिच्या खांद्यावर झोपली होती. ती गुरम्माकडं बघत राहिली. आणि सुनेच्या देखत नागाबाईंनी पदर सावरून, वाकून गुरम्माच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं. गुरम्मानं पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण म्हातारीनं ते घट्ट धरून ठेवले होते.