खंडेनवमीला पुजलेला रिमोट

हसायचं असल तर आधीच हसून घ्या बाबांनो, मधीच चहा अंगावर सांडला तर मी जबाबदार न्हाई. अशी फजिती झाली माझी, की दोन दिवस आमच्या सेलू गावात तोंड दाखवायची सोय राहिली न्हाई!

मी मोटारी भरणारा, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार गुंडाळणारा माणूस. शेतातली मोटार जळाली की लोक माझ्या दुकानात आणून टाकतात. पण खरा नाद मला राक्षस मारायचा. टीव्हीवरचा गेम हाय हो! टोळी जमवायची, आपापलं हत्यार घ्यायचं, डोंगराएवढं जनावर लोळवायचं अन् त्याच्याच शिंगा-नखांची नवी हत्यारं घडवायची.

आमची टोळी तिघांची. मी टीव्हीपुढं गेमचा बटणांचा रिमोट घेऊन, बायको रेखा शेजारी मोबाईलवर, अन् तिचा भाऊ संतोष तिकडं पालमला त्याच्या मोबाईलवर. रेखाचा हातोडा, संतोषचं धनुष्य, अन् माझी तलवार माझ्यापेक्षा हातभर उंच. उस्ताद कोण? मीच की! म्हणजे, असं मीच सांगायचो.

एक जनावर राहिलं होतं. त्याचं इंग्रजी नाव कुणाच्याच तोंडात बसंना, म्हणून आमी त्याला शिंगाळ्या म्हणायचो. त्याचं शिंग मिळालं की माझी काळी तलवार तयार! महिनाभर त्या तलवारीपायी मला जेवण गोड लागत नव्हतं. अन् शिंगाळ्या गेममधे थोड्याच दिवसांपुरता आलेला, त्याचा शेवटचा दिवस नेमका खंडेनवमीचा.

सकाळी हत्यारांची पूजा मांडली. पाटावर दुकानातली पक्कड, पाने, टेस्टर, आईचं खुरपं, विळा. मनात आलं, आरं, आजचं खरं हत्यार तर वेगळंच हाय! रिमोट आणून मधोमध ठेवला.

"अहो, ती इलेक्ट्रिकची वस्तू," रेखा म्हणाली. "तिला कशाला गंध-अक्षता?"

"तुझी श्रद्धाच कमी!" मी म्हणलं. हळद लावली, कुंकू लावलं, अन् अक्षता चिमूटभर न्हाई, मूठभर वाहिल्या. म्हणलं, देवा, आज तेवढं शिंग पदरात टाक.

दुपारी जेवण उरकून बसलो. शिंगाळ्या फुरफुरत समोर आला. मी झेप घ्यायला गेलो, तर माझा गडी मटकन खाली बसला अन् तलवारीला धार लावायला लागला!

"दाजी, मारा की!" संतोष फोनवर ओरडला.

"मारायलोच की!"

"कुठं मारायलाव? तुमी तर धार लावायलाव!"

तेवढ्यात शिंगाळ्यानं मला शिंगावर घेऊन आपटलं. मेलो! आता नियम असा, की टोळीत मिळून तीनदा मरण आलं की सगळ्यांचीच शिकार संपली. उठून परत पळत गेलो. चार पावलं पळायचो अन् बसायचो. परत धार! खाटीकसुद्धा एवढी धार लावत नसल.

"दाजी, खरं सांगा, भ्यालाव का?"

"भिणारा मी? आरं, हे आपोआप व्हायलंय!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," रेखा पुटपुटली. अन् मी दुसऱ्यांदा मेलो.

तिनं रिमोट हिसकून घेतला, डोळ्याजवळ धरला. धारेचं बटण दबून बसलेलं, अन् फटीत तांदळाचा पिवळा दाणा.

"घ्या. ही तुमची श्रद्धा."

"एवढंच व्हय? पाच हॉर्सपावरची मोटार डोळे झाकून खोलतो मी!" म्हणलं अन् सुई घातली. दाणा पार आत गेला. बटण कायमचं बसलं.

आता एकच मरण शिल्लक. रेखानं फर्मान काढलं, "तुमी त्या दगडामागं बसा. हालायचं न्हाई."

"आगं, पण शिंग मला..."

"हालू नका म्हणलं ना!"

बसलो. काय करता? तिकडं बायको हातोड्यानं शिंगाळ्याचं टकुरं फोडायली, मेव्हणा बाणावर बाण सोडायला, अन् उस्ताद दगडामागं खर्र खर्र, खर्र खर्र. शेवटी रेखानं असा काय घाव घातला, की शिंग मोडून बाजूला अन् शिंगाळ्या आडवा! संतोषनं फोनवर शिट्टी मारली. पण जो शिंग मोडल, त्याचंच शिंग. रेखा म्हणाली, "ह्याचा हातोडा लय भारी होतोय म्हणं." खोटं कशाला सांगू, मला रडूच यायलं होतं.

पडद्यावर कुणी किती घाव घातले, ते आलं. माझ्या नावापुढं शून्य. आई मघापासून दारात उभी राहून बघायली होती.

"हा भोपळा कुणाचा गं?" तिनं विचारलं.

"तुमच्या लेकाचा," रेखा म्हणाली. "एवढ्या लढाईत ह्यांनी हत्यार चालवलंच न्हाई."

आई आत आली, माझ्या पाठीवरून मायेनं हात फिरवला अन् म्हणाली, "गुणाचं गं माझं लेकरू! पुजलेलं हत्यार खंडेनवमीला चालवायचं नसतंय. ह्या घरात रीत पाळली ती ह्या एकट्यानं!"