काटे नसलेला शिंगाळा

आमच्या तिघांत मासेमारीचं सामान सगळ्यात जास्त ज्याच्याकडे, त्यालाच आजवर एकही मासा मिळाला नव्हता. हा आमचा सातारी. राहायला दिवा स्टेशनजवळ, सगळी नोकरी आमच्याबरोबर ठाण्याच्या एका कारखान्यात झालेली, आणि मूळ गाव असं, की तिथल्या ओढ्यात पाणी दिसलं तरी लोक बघायला जात. त्याच्याकडे घडीची काठी होती, तिला रीळ होतं, डोक्याला बांधायचा दिवा होता आणि अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. त्यातल्या एका खिशात कात्री, एकात चिमटा आणि उरलेल्या सगळ्या खिशांत शेंगदाणे.

दुसरा मित्र गाववाला. डोंबिवलीच्या पलीकडे त्याचं गाव आहे आणि आम्ही मासे धरायला जायचो ते तळंही त्या गावचंच. त्याच्या वडिलांची भातशेती होती तिथे आता उंच इमारती झाल्यात. त्यांचे दिवे रात्री तळ्यात पडतात, त्यामुळे आम्हाला बॅटरी फारशी लागत नाही. गाववाल्याकडे एक बांबूची काठी, थोडा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, आणि एक गळ. एवढ्यावर तो दर वर्षी शिंगाळे काढायचा, तेही बिडी न विझवता.

तिसरा मी. वर्तकनगरचा, आजोळ रत्नागिरीकडचं. त्यामुळे मासळीतलं मला सगळं कळतं असा माझा समज आहे. माझी बायको म्हणते, ताटात आल्यापासून पुढचं कळतं.

दिवाळी उलटली की एका शनिवारी रात्री आम्ही तिघं या तळ्यावर शिंगाळा गरवायला, म्हणजे गळाने धरायला, जायचो. शिंगाळा म्हणजे अंगाला खवले नाहीत, तोंडाला लांब मिशा आणि कल्ल्यांमागे नि पाठीवर एकेक उभा काटा. तो काटा हातात घुसला की माणूस आईची आठवण काढतो. दिवसा हा मासा तळाच्या चिखलात पडून असतो आणि रात्री वासावर बाहेर येतो. म्हणून गळाला कोंबडीची कलेजी लावायची, काठीच्या टोकाला घुंगरू बांधायचं आणि गप्प बसायचं. या तिन्हींतलं तिसरं काम सातारीला कधी जमलं नाही. घुंगरू नुसतं थरथरलं तरी तो काठी अशी उपसायचा, की कलेजी आमच्या डोक्यावरून मागच्या झुडपात जायची. गाववाला म्हणायचा, "आरं दम धर. त्याला खाऊ तरी दे. पावना हाय तो." आणि मध्यरात्रीनंतर तर सातारी टोपी तोंडावर घेऊन घोरायचाच.

गाववाल्याची एक खोड सांगायला हवी. कुणीही दोन हात पसरून "एवढा मासा होता" म्हणालं, की हा जवळ जाऊन त्याचे दोन्ही हात धरायचा आणि हळूच जवळ आणून अंतर निम्मं करायचा. बोलायचा काही नाही. मग परत आपल्या जागी येऊन बसायचा. त्याने स्वतःच्या सख्ख्या मामाचेही हात असेच जवळ आणलेले मी लग्नाच्या पंगतीत पाहिले आहेत.

गेल्या वर्षी सातारीने दिव्याची जागा विकली. मुलगा बंगळुरात, सून नोकरीवाली, नातू लहान. शिवाय दिव्यात पाण्याची बोंब. पहाटे उठून पिंप भरायचं वय आता राहिलं नाही, असं वहिनी म्हणाल्या आणि तेही खरंच होतं. त्याने आम्हाला हे सांगितलं तेव्हा मी त्याला बंगळुराच्या हवेबद्दल बरंच चांगलंचुंगलं ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हवेचं सोड. जायच्या आधी मला एक शिंगाळा काढायचाय."

आम्ही हसलो. तो हसला नाही.

"हसू नका रे. तिकडे गेल्यावर मी कुणाचा तरी बाप आणि कुणाचा तरी आजोबा असणार. सोसायटीत मला कोण ओळखणारे? इथे निदान तुमच्यासाठी मी मासा न मिळणारा माणूस तरी आहे. जाताना तेवढं पुसून जाऊ दे. नातवाला सांगायला एक मासा तरी पाहिजे."

त्या वेळी मला एकदम राग आला. त्याचा नाही, त्याच्या मुलाचा, सुनेचा, दिव्याच्या नळांचा. राग आला की मी काहीतरी कामाला लागतो. परतताना गाववाल्याच्या स्कूटरवर मागे बसल्या बसल्या मी त्याला म्हटलं, "याला मासा मिळाला पाहिजे. तळ्याने नाही दिला तर आपण द्यायचा." गाववाल्याने स्कूटर बाजूला घेतली आणि म्हणाला, "पन ताजा आन."

ठरलं ते असं: मी बाजारातून एक आख्खा शिंगाळा आणायचा आणि बर्फात घालून गाववाल्याच्या स्कूटरच्या डिकीत ठेवायचा. रात्री सातारी घोरायला लागला, की त्याच्या गळाला तो लावून पाण्यात सोडायचा आणि तंगूस हलवून घुंगरू वाजवायचं. त्यात चुकण्यासारखं काही नाही असं मला वाटलं होतं.

शनिवारी मी ठाण्याच्या बाजारात माझ्या नेहमीच्या कोळणीकडे गेलो. तिच्याकडे धरणातला मोठा शिंगाळा होता, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल असा. मी खूश. तेवढ्यात तिने विचारलं, "साफ करून देऊ ना?" आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून गेलं, "हो, दे." बाजूच्या पाटीतल्या कोलंबीवर माझी नजर गेली होती. खाट खाट आवाज झाला तसा मी वळलो आणि ओरडलो, "अगं थांब! आख्खा पाहिजे मला!" कोयता हवेत थांबला. पोट वाचलं होतं, शेपूट वाचली होती, मिशाही शाबूत होत्या. पण तिन्ही काटे तिने मुळापासून उडवले होते. शिंगाळ्याचे काटे कोळीण सगळ्यात आधी उडवते, हे मला ताटापलीकडचं ज्ञान त्या दिवशी मिळालं.

"काटं चिकटवून देऊ काय आता?" तिने विचारलं. तिची चूक नव्हती, म्हणून मी कोलंबीसुद्धा घेतली.

गाववाल्याने डिकी उघडून मासा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "आरं, हा तर दाढी करून आलाय!" मग म्हणाला, "रातीचं कोन बघतंय. लावू."

त्या रात्री सातारी वेगळाच होता. गप्प होता. शेंगदाणेसुद्धा वाटले नाहीत. घुंगरू दोनदा थरथरलं तेव्हा त्याने काठीला हात लावला नाही, नुसता पाण्याकडे बघत राहिला. मला बघवेना. इतकी वर्षं आम्ही त्याला दम धर म्हणालो आणि आता तो धरत होता, तर ते बघवत नव्हतं. शेवटी बऱ्याच उशिराने त्याने टोपी तोंडावर ओढली आणि आडवा झाला. मी गाववाल्याला खूण केली. चहाचा थर्मास आणायचं निमित्त काढून आम्ही दोघं रस्त्यावर स्कूटरकडे गेलो.

तिथे वेळ गेला. डिकीचं कुलूप अडकलं. मग मासा बर्फाला चिकटला. मग पिशवी फाटली म्हणून दुसरी शोधली. साठी ओलांडलेले आम्ही दोन आजोबा कुजबुजत, एकमेकांना गप्प करत, गुडघ्यात वाकून बांधावरून परत आलो तेव्हा सातारी तसाच पडलेला होता. टोपी तोंडावर, घोरणं चालू.

गाववाल्याने त्याची काठी उचलून तंगूस हळूहळू ओढला. गळ वर आला तो अगदी रिकामा, कलेजीचा मागमूस नाही. "खाऊन गेला कोनतरी," तो पुटपुटला. आम्ही शिंगाळ्याच्या ओठातून गळ घातला, मासा पाण्यात सोडला, आपापल्या जागी बसलो आणि मी तंगुसाला झटका दिला. घुंगरू खणखणलं.

सातारी ताडकन उठला. काठी धरली, रीळ फिरवलं, पाय घसरला, उभा राहिला. "लागला! अरे लागला!" आणि काठीला लटकलेला तो थंडगार, बिनकाट्यांचा शिंगाळा इमारतींच्या उजेडात बाहेर आला. मुळीच तडफडला नाही. इतक्या शांतपणे पाण्याबाहेर आलेला मासा त्या गावाने कधी पाहिला नसेल.

आम्ही दोघांनी आरडाओरडा केला, तेवढाच तो मासा जिवंत वाटावा म्हणून. सातारीने तो डाव्या हाताने उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "किती गरीब आहे बिचारा. धरला तरी काही करत नाही." गाववाला खोकत खोकत लांब गेला. मी फोटो काढले. फोटोतही त्याने मासा डाव्या हातातच धरलाय आणि उजवा हात जाकिटाच्या खिशात खुपसलाय. "अरे, डाव्या हाताने काय धरतोस, चांगला उजव्यात धर की," मी म्हणालोसुद्धा. "थंडी वाजतेय," तो म्हणाला. थंडी अजिबात नव्हती, डास होते.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं आणि आमची हुशारी ऐकून ती हसली. मला फार बरं वाटत होतं. माणसाला इतक्या सोप्या रीतीने खूश करता येतं, हे आधीच सुचायला हवं होतं, असं म्हणत मी झोपलो.

पुढच्याच आठवड्यात त्यांची गाडी होती, कल्याणहून. आम्ही दोघं पोचवायला गेलो. सामान डब्यात चढवताना सातारी सगळं डाव्या हाताने उचलत होता. उजव्या हाताला अंगठ्यापासून मनगटापर्यंत फडकं बांधलेलं आणि बोटं सुजून लाल.

"काय रे हे?"

"काही नाही. दारात चिमटा बसला."

"दार कुठलं, भावोजी!" वहिनी आतून म्हणाल्या. "त्या रात्री शिंगाळ्यानं काटा मारला म्हणत होते घरी आले तेव्हा. तेव्हापासून मीठ गरम करून शेकतेय. तुम्ही तरी सांगायचं नाही का, त्याला हात घालू नको म्हणून?"

गाववाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी गाववाल्याकडे. आमच्या शिंगाळ्याला काटेच नव्हते. ते ठाण्याच्या बाजारात कोळणीच्या पाटाखाली पडले होते.

सातारी दारात येऊन उभा राहिला. आमची तोंडं बघून त्याला कळलं की आम्हाला कळलंय.

"तुम्ही चहा आणायला गेलात ना," तो म्हणाला, "तेव्हा वाजलं घुंगरू. मी दम धरला. चांगला धरला. मग ओढला. मोठा होता रे. गळ काढताना काटा घुसला त्याचा, डोळ्यांसमोर अंधारी आली. तरी सोडला नाही. तुम्हाला हाक मारणार होतो, तेवढ्यात तुम्ही बांधावर दिसलात. वाकून, चोरासारखे, एकाच्या हातात पिशवी आणि पिशवीतून शेपूट बाहेर."

"मग?" मी म्हणालो.

"मग काय? सोडून दिला पाण्यात, रिकामा गळ परत टाकला आणि टोपी घेऊन पडलो."

"अरे पण का? तुला हवा होता ना तो? दाखवायचास की आम्हाला!"

"माझा दाखवला असता, तर तुमचा कुठे लपवला असता तुम्ही?" तो म्हणाला. "इतकी वर्षं मी त्या तळ्यावर माशासाठी येत होतो असं वाटलं काय तुम्हाला? नातवाला तुमचाच सांगणारे मी. माझ्यासाठी मासा विकत आणून गळाला लावणारी माणसं आहेत माझी, हे त्याला कळायला पाहिजे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवलं नाही, त्या फलाटावर कोणाला वेळ होता बघायला. हुशारी आमची आणि बनलो आम्हीच, हे मला मनापासून आवडलं होतं, आणि तो चालला होता हे मुळीच आवडत नव्हतं.

गाववाल्याने फक्त विचारलं, "कवरा होता?"

सातारीने हातातला प्रवासाचा थर्मास वहिनींकडे दिला आणि दोन्ही हात पुढे केले, एक चांगला आणि एक फडक्यातला. तळहातांत हातभर अंतर ठेवलं, मग आमच्याकडे पाहून जरा ओशाळला आणि स्वतःच थोडं कमी केलं.

गाववाला पुढे झाला. त्याने सवयीप्रमाणे त्याचे दोन्ही हात धरले, सुजलेला जरा जपून. आणि हळूहळू ते एकमेकांपासून लांब नेले, दाराच्या दोन्ही बाजूंना टेकेपर्यंत.

"एवरा आसंल," तो म्हणाला, आणि गाडी सुटेपर्यंत ते हात त्याने तसेच धरून ठेवले.