अ‍ॅट्रोपीनचा वेगळा डबा

मुकुटबनची दीपा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, त्या साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेल्या माणसांनी ती शिकत होती त्या दवाखान्याचा वॉर्ड भरून गेला होता. खाटा कमी पडल्या, तरी नवे रोगी येतच होते.

एका दुपारी त्यांच्यातल्याच भावसिंगला अ‍ॅट्रोपीनचं, म्हणजे त्या विषावरच्या उताऱ्याचं, इंजेक्शन द्यायचं होतं. दीपाच्या वर्गातल्या नयनने ट्रेमधून काचेची कुपी उचलली, तोडली आणि औषध सिरिंजमध्ये ओढलं. शेजारी उभ्या दीपाची नजर फुटक्या कुपीवरच्या अक्षरांवर गेली.

"नयन, थांब! हे अ‍ॅड्रिनलीन आहे!"

ते चुकीचं औषध भावसिंगच्या जिवावर बेतलं असतं. नयन पांढरीफटक पडली. दीपाने घाईने बरोबर कुपी शोधून दिली, भावसिंगला त्याचं औषध मिळालं. पण गलका ऐकून वॉर्डच्या कोकिळा सिस्टर आल्या आणि त्यांनी नयनला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं.

"वाचता नाही येत तुले? जाय घरी!"

नयन रडत बाहेर गेली. दीपा तिच्या मागे निघाली, पण ट्रेपाशी थबकली. दोन्ही औषधांच्या कुप्या सारख्याच, बोटाएवढ्या, एकमेकींत मिसळलेल्या. गर्दी वाढल्यापासून कपाटापर्यंत जायला कुणाला सवड नव्हती, म्हणून सगळं या एकाच ट्रेत ओतलं जायचं.

सिस्टरांपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. तरी दीपा त्यांच्याकडे वळली.

"सिस्टर, नयन घरी गेली तरी ट्रे तं असाच राहीन. उद्या मीबी हेच उचलीन."

"म्हंजे तिची चूक नाही?"

"तिनं वाचाले पाह्यजे होतं. पण आपण असं काहून ठेवलं, हेबी पाहा लागते ना?"

सिस्टरांनी दोन कुप्या तळहातावर घेतल्या. डोळ्यांजवळ नेल्या, लांब धरल्या.

"चष्म्याबिगर मलेबी समजून नाही राह्यलं," त्या पुटपुटल्या. "बोलाव तिले परत."

संध्याकाळच्या आत अ‍ॅट्रोपीनला वेगळा डबा मिळाला. कुपी तोडण्याआधी एकीने नाव मोठ्याने वाचायचं, दुसरीने ऐकायचं, असंही ठरलं. मुली आधी लाजायच्या. मग भावसिंगची बायको सुखीबाईच दटावू लागली, "आधी नाव घ्या, पोरींनो!" दोघी-तिघींनी आपल्या हातून होता होता राहिलेल्या चुका सिस्टरांना येऊन सांगितल्या. सिस्टर ओरडल्या नाहीत, खुर्ची ओढून ऐकत बसल्या.

भावसिंग बरा होऊन बायकोच्या खांद्यावर हात ठेवून घरी निघाला, तेव्हा सिस्टरांनी दीपाला हाक मारली.

"आणखीन काय खटकते तुले?"

दीपाने समोर बोट दाखवलं. दोन खाटांमध्ये एकच स्टँड होता आणि त्यावर सलाइनच्या चार बाटल्या लटकत होत्या; कोणती कुणाची, ते कळत नव्हतं.