कौसल्याबाईंच्या मिटलेल्या वह्या

अन्याय डॉ. कौसल्या धोत्रे यांच्यावर झाला. त्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी साडेनऊ ते सव्वादहा या पाऊण तासात झाला. नेकनूरच्या घरातली माणसं तेव्हा तिसऱ्याच्या विधीला गेली होती. बाईंनी जिथं प्राण सोडला तिथं पिठावर दिवा ठेवला होता, आणि असा दिवा तेवत असेतोवर त्यांच्यात घराला कुलूप घालत नाहीत, म्हणून दार नुसतं लोटलेलं होतं. माणसं परत आली तेव्हा दिवा होता. कॉटखालची पत्र्याची पेटी नव्हती. पेटीत बाईंच्या चौदा वह्या होत्या. नेणारे चोर असते तर मी गप्प बसले असते, चोराला वह्यांचं काय करायचंय... पण ती माणसं बाई ज्या महाविद्यालयात शिकवत होत्या त्या संस्थेची होती. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर हा मजकूर तुमच्यापर्यंत पोचणार नाही, एवढं मला कळतं.

बाई कोण होत्या हे जिल्ह्यात फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही आजवर काही लिहिलेलं नाही. का लिहिलं नाही, हेही विचारायला पाहिजे. नेकनूरच्या वडारवस्तीत त्यांचा जन्म. आई छिन्नी-हातोडा घेऊन गावोगाव फिरायची, घासून गुळगुळीत झालेल्या जात्याला, पाट्याला टाकी लावून द्यायची. दगड पुन्हा खडबडीत झाला की दाणा त्यावर धरतो. घाटनांदूरपर्यंत मायलेकी चालत जायच्या, वाटेत कुणाच्याही ओसरीवर निजायच्या. त्या पोरीला शाळा कशी मिळाली, शिष्यवृत्ती कशी मिळाली, हे बाई कधी रंगवून सांगत नसत. 'शिकले. गेले,' एवढंच. गेल्या त्या थेट अमेरिकेत, तिथल्या नैऋत्येकडच्या वाळवंटात, जिथं तिथल्या मूळच्या लोकांच्या शेकडो वर्षांच्या मोडक्या वस्त्या आहेत. तिथं उत्खननात मका दळायचे खोलगट दगड निघायचे, आणि त्यांच्या पोटात बारीक ठिपके असायचे. बाईंचे प्राध्यापक शिकवायचे की ही पूजेची नक्षी. बाईंनी बोट फिरवलं आणि भरवर्गात सांगितलं, ही नक्षी नाही, टाकी आहे. वर्ग हसला. मग बाई तीन दिवस उन्हात फतकल मारून बसल्या, आणि एका नव्या दगडाला दुसऱ्या कठीण दगडानं टोचून टोचून तसाच ठिपका उठवून दाखवला. ठोके कुठल्या बाजूनं पडलेत त्यावरून टाकी लावणारी डावखुरी होती की उजवी, तेही सांगितलं. दगडावरून बाईमाणूस वाचणारी तिथली ती पहिली. पुढं त्यावर त्यांचा ग्रंथ आला, परदेशात आजही तो शिकवतात. आपल्याकडे एका ग्रंथालयात तरी आहे का, बघून सांगा.

त्या उन्हात त्यांच्यासमोर एक म्हातारी येऊन बसायची. जवळच्याच गावची, त्या जुन्या वस्त्यांवर ज्यांचा हक्क त्या लोकांतली. चौथ्या दिवशी ती स्वतःच्या आजीचा दगड घेऊन आली. बाईंनी आधी तिची परवानगी मागितली आणि मगच हात लावला. तिथून दोघींचं जमलं ते म्हातारी जाईपर्यंत. तिनं बाईंना खूप सांगितलं. कुणाची माती कुठं आहे, कुठल्या कपारीत काय ठेवलंय, कुठल्या पाण्याला कोणत्या नावानं हाक मारायची... आणि अट घातली. लिहून ठेव, कारण माझी नात अजून लहान आहे. छापू नको. तू आहेस तोवर तू सांभाळ, तू गेलीस की आमच्याकडे परत येऊ दे. पुढं एका वस्तुसंग्रहालयानं त्याच लोकांच्या थडग्यांतून काढलेल्या वस्तू मांडल्या, तेव्हा बाई त्याच्या विरोधात उभ्या राहिल्या. वस्तू परत गेल्या, बाईंची नोकरीही गेली. त्या गावी परतल्या आणि जिल्ह्यातल्याच महाविद्यालयात शिकवू लागल्या.

आता माझा भाग. तो लपवून बाकीच्यांवर बोट दाखवणं मला जमणार नाही.

अमेरिकेतून माणूस नेकनूरला परत कशाला येतो? हा प्रश्न सगळ्या गावानं विचारला, मीही विचारला. त्यात बाई वडवणी, घाटनांदूर भागात लोकांच्या परसात शिरून जुनी जाती बघायच्या, बायकांशी तासन् तास बोलायच्या, लिहून घ्यायच्या. कुणी म्हणालं गुप्तधन. मला वाटलं त्याहून वाईट. वाटलं, आपल्या बायांचं ज्ञान ही तिकडं विकत असणार. कॉटखाली कुलूपबंद पेटी आहे आणि बाई कुणाला हात लावू देत नाहीत, हे कळल्यावर तर माझी खात्रीच पटली. मी पत्रक काढलं. 'पेटीत काय आहे?' असा मथळा दिला. शेवटी लिहिलं, 'जनतेपासून ज्ञान दडवणाऱ्यांचा निषेध! वह्या जनतेसमोर आल्याच पाहिजेत!' तीन गावांत फिरून खाली सह्या घेतल्या. तेव्हा मी बावीस वर्षांची, सरकारी फायली उघडायला लावणाऱ्या चळवळीत नवी होते आणि कुलूप दिसलं की ते अन्यायाचंच असतं असं मला वाटायचं.

आठ दिवसांनी बाई एसटीनं वडवणीला आमच्या दारात. हातात पत्रक.

"तूच का ती? वाचलं तुजं. तीन ठिकानी चूक हाय, पन जोर लई हाय."

मी म्हटलं, "मग पेटी उघडून दाखवा ना बाई. कावून लपवता?"

"आधी पानी दे. भांडायला घसा लागतो गं."

पाणी पिऊन त्यांनी मला त्याच पावली नेकनूरला नेलं. पेटी उघडली. म्हातारीनं सांगितलेल्याच्या चौदा वह्या, सगळ्या मराठीत, बारीक अक्षरात. मला वाटलं होतं इंग्रजी असेल. मी विचारलं, मराठीत का? बाई हसल्या.

"तिकडं कोनालाच वाचता येत न्हाई म्हनून! प्राध्यापक लोकं मागून मागून दमले. घ्या म्हनलं, वाचा. कुलूप लावायची गरजच न्हवती तिथं. कुलूप घेतलं ते बीडला आल्यावर." मग एकदम गंभीर झाल्या. "हितं जो तो वाचू शकतो. आन एकदा जागा कळली ना पोरी, की दुसऱ्या दिवशी तिथं फावडं जातं. तिकडं थडगी उकरून मडकी विकनारे टपून बसल्यात. म्या माज्या डोळ्यानं बघितल्यात उकरलेल्या जागा... हाडं बाजूला फेकलेली."

मी हात मागं घेतला. एकही पान वाचलं नाही, हे मी इथं छातीवर हात ठेवून लिहिते. त्यानंतर महिन्यातून एकदा तरी नेकनूरला जात राहिले. बाई माझी पत्रकं तपासून द्यायच्या, उद्गारचिन्हं खोडायच्या. 'येवढं वरडाया काय झालं?' म्हणायच्या. त्यांची भावजय चंद्राकाकू चहा टाकता टाकता म्हणायची, "दोघी बी भांडकुदळ, बरं जमतंय तुमचं!" एवढं सगळं झालं, पण एक गोष्ट मी केली नाही. ते पत्रक मागं घेतलं नाही. आमच्या चळवळीत पत्रक काढायची रीत आहे, मागं घ्यायची नाही. मागं घेतलं की लोक म्हणतात, फुटली. वाटलं, कागदच तो, भिंतीवरून पावसानं जाईल. शेवटच्या आजारात बाईंनी मला विचारलं होतं, "ते तुजं पत्रक कुठं लावलेलं हाय का गं अजून?" मी म्हटलं, "न्हाई बाई, कवाच फाटलं." त्यांनी मान हलवली. विश्वास बसला की नाही, कळलं नाही...

पेटी गेल्याचं कळल्यावर मी आधी टेम्पो शोधला. टेम्पो आपल्याच ओळखीच्या रफिकभाईंचा निघाला. गॅरेजात गाडीखालून ते बाहेर यायलाच तयार नव्हते.

"ताई, मला काय ठाव? पुस्तकं हायत म्हनले, कालिजात न्यायचीत. म्या म्हनलं घरात कोनी न्हाई, वाईच थांबू. तर म्हनले घरच्यांला इचारलंय."

"कोणाला विचारलं?"

"ते इचारायला पायजे होतं, खरंय." मग हात पुसत म्हणाले, "दिवा जळत होता ताई. म्या दारातच उभा ऱ्हायलो. आत गेलतो न्हाई."

चंद्राकाकूला कुणीही विचारलेलं नव्हतं. तिच्याजवळ बाईंच्या हातची चिठ्ठी आहे, सहीनिशी. म्हातारीच्या नातीचा पत्ता आणि खाली एकच ओळ, 'पेटी न उघडता इथं पाठवणे.' ती चिठ्ठी घेऊन आम्ही दोघी संस्थेच्या सचिवांकडे गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मला तेव्हाच शंका आली. बाईंच्या नावानं दालन काढणार आहोत म्हणाले, वह्यांचं टंकन सुरू झालंय, ग्रंथ होईल, जिल्ह्याचं नाव होईल. काकू म्हणाली, "अवो, नाव तिनं केलंय की. तुमी पेटी द्या."

सचिवांनी कपाटातून प्लॅस्टिकची फाईल काढली. फाईलमध्ये माझं पत्रक. एकही घडी न पडलेलं, नवंकोरं.

"आम्ही मनानं काही केलेलं नाही, ताई. लोकांची मागणी आहे. बघा, सह्या आहेत. 'वह्या जनतेसमोर आल्याच पाहिजेत.' भाषा तुमचीच ना?"

काकूनं माझ्याकडं बघितलं. मग चिठ्ठीची घडी घालून कमरेला खोचली. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी विचार करते आहे. पत्रक इतकं जपून कुणी ठेवलं, आणि कशासाठी? सोमवारची वेळ कुणी ठरवली? पेटीतून काय निघालं याची यादी मागितली, ती अजून का मिळत नाही? टंकन कोण करतंय, आणि त्याच्या फोनमध्ये आतापर्यंत किती पानं गेली? माझा सचिवांवर विश्वास नाही, दालनावर नाही, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या अक्षरावरही आता राहिलेला नाही. आयुष्यभर मी 'उघडा, उघडा' म्हणून ओरडले. बाईंनी मला शिकवलं की काही गोष्टी मिटलेल्या ठेवणं हेही कुणाचं तरी हक्काचं मागणं असतं. सरकारी फाईल दडवणं वेगळं, आणि परक्या म्हातारीनं विश्वासानं सांगितलेली तिच्या माणसांची माती सांभाळणं वेगळं. बाई ते तिकडं सांभाळू शकल्या. त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात, त्यांच्या स्वतःच्या भाषेत, तीन दिवसही सांभाळलं गेलं नाही.

माझं पत्रक मी मागं घेतलं आहे. तसं लेखी देऊन पोच घेतली आहे. पण सचिव म्हणतात, एकीनं मागं घेऊन काय होतं, बाकीच्या सह्या आहेत. म्हणून हा लेख. नेकनूर, वडवणी, घाटनांदूर इथं त्या पत्रकाखाली ज्यांनी ज्यांनी सही केली, त्यांना मी नाव न घेता सांगते, कारण सही घ्यायला तुमच्या दारात मीच आले होते. साधा कागद घ्या. लिहा, 'माझी सही मी परत घेत आहे. पेटी धोत्रे यांच्या घरी द्यावी, म्हणजे ती जिथली आहे तिथं जाईल.' खाली सही करा आणि हा आठवडा संपायच्या आत, बाई शिकवायच्या त्या संस्थेच्या कार्यालयात स्वतः जाऊन द्या. पोच घ्या. आणि त्या वह्यांचं एखादं पान तुमच्या फोनवर आलं, तर अक्षर आपलं आहे, भाषा आपली आहे, म्हणून वाचू नका. पुढं पाठवू नका. पुसून टाका, आणि ज्यानं पाठवलं त्याला विचारा, तुला हे कुणी दिलं.