मूलबाळ नसलेली बाई

मी सांभाळायची त्या बाळाच्या बारशाच्या दिवशी पाळण्याला फुलं मीच बांधली. बाळाला न्हाऊ घालून, तीट लावून, नवं झबलं चढवून हॉलमध्ये मीच आणलं. बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत बाळाला पाळण्याखालून एकमेकींच्या हातात द्यायचं असतं. एका बाजूला बाई कमी पडत होती. मी आपली बाळाला घेऊन तिथं बसायला वाकले.

मॅडमच्या सासूबाई, त्यांना मी आजी म्हणायची, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तू नको गं. इथं लेकुरवाळ्या लागतात. तू मागं हो."

बाळ माझ्या हातातून काढून घेतलं. हॉल बायकांनी भरलेला. कुणीतरी हळूच "बिचारी" म्हणालं. मी भिंतीला लागून उभी राहिले. पोटावर सिझरची खूण घेऊन. माझी ऋतुजा तेव्हा साडेचार वर्षांची होती. पंचवटीत, माझ्या सासूजवळ.

आणि मला तोंड उघडता येईना. कारण मूलबाळ नाही हे त्यांना मीच सांगितलं होतं.

त्याचं असं झालं. माझा नवरा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता, ते काम सुटलं. मी गंगापूर रोडला बाळ सांभाळायची कामं शोधत फिरले. दोन घरांनी दारातच विचारलं, घरी लहान मूल आहे का? आहे म्हटलं की संपलं. "मग तुम्ही सारख्या सुट्ट्या मारणार." दुसऱ्याचं मूल सांभाळायला आई नको, फक्त आईचे हात पाहिजेत. तिसऱ्या घरी मॅडमनी तेच विचारलं. मी म्हणाले, "मला मूलबाळ नाही." जीभ अडखळली पण नाही माझी. आजही मला त्याचीच जास्त लाज वाटते.

मॅडम वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, शिव्या घालून मोकळी झाले असते. माझ्याहून मोठ्या, तरी मला मावशी म्हणायच्या, अहो-जाहो करायच्या. एकदा म्हणाल्या, "मावशी, माझ्या ओळखीच्या डॉक्टर आहेत. तुम्हाला दाखवू या का? हल्ली सगळ्यावर उपाय असतात." मी मान खाली घालून म्हणाले, "नशिबात नसेल, मॅडम." नशिबात नसेल! घरी ऋतुजा तापानं फणफणलेली आणि मी तिथं हे बोलत होते. त्या दिवशीही मी पूर्ण वेळ भरूनच घरी गेले. ऋतुजा माझ्या पदराला नाक लावायची आणि म्हणायची, "आई, तुला त्या बाळाचा वास येतो."

मग तो बुधवार आला. बाळाला पहिल्यांदा काळारामाच्या दर्शनाला न्यायचं म्हणून आम्ही पंचवटीत आलो. मी सांगायला पाहिजे होतं, आज नको. बुधवारी गंगेवर, आमच्या गोदावरीच्या काठी, बाजार भरतो. माझी सासू तिथं मेथी-कोथिंबीर घेऊन बसते आणि ऋतुजा तिच्यासोबत असते. पण सांगणार काय? दर्शन करून गाडीकडे येताना ती दिसलीच. तिनं आधी मला बघितलं. "आई!" करत गर्दीतून पळत आली आणि माझ्या पायांना मिठी मारली. माझ्या कडेवर मॅडमचं बाळ होतं.

मॅडमनी विचारलं, "मावशी, ही कोण हो?"

मी म्हणाले, "शेजारची आहे. लाडावलीय. सगळ्यांनाच आई म्हणते."

मॅडम हसल्या. "गोड आहे." पर्समधून चॉकलेट काढून तिच्या हातावर ठेवलं. मी ऋतुजाचे हात माझ्या पायांवरून सोडवले. एकेक बोट सोडवावं लागलं. ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी गाडीत बसले.

संध्याकाळी घरी गेले तर सासू म्हणाली, "पोरगी काय बोलंना गं. जेवली बी नाय. काय केलंस तिला?" मी ऋतुजाला जवळ घेतलं. समजावलं, की ते कामाचं असतं, खोटं-खोटं असतं. तिनं विचारलं, "मी खोटी?" मी म्हटलं, नाही गं बाई. चॉकलेट तिनं तसंच ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. हो, गेले. त्याच्या पुढचे दोन महिनेही गेले.

त्यानंतरची एक सुट्टी. बाळ ऐकेना म्हणून मॅडम मला न्यायला थेट आमच्या गल्लीत आल्या. फोन लावला असेल, माझा बंद होता. मी आत भाकरी थापत होते. ऋतुजा उंबऱ्यात खेळत होती. बाहेरून मॅडमचा आवाज आला, "मावशी इथंच राहतात ना?"

ऋतुजा आत आली. माझ्यापासून दोन हात लांब उभी राहिली आणि मोठ्यानं, बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली, "मावशी, तुम्हाला न्यायला आल्यात."

मावशी. तुम्हाला. पाच वर्षांची पोर. आईचं काम जाऊ नये म्हणून आईला मावशी म्हणत होती. आणि म्हणून झाल्यावर माझ्याकडे बघत होती, बरोबर म्हटलं ना, म्हणून.

माझ्या हातातली भाकरी परातीत पडली. मी तशाच पिठाच्या हातानं तिला उचललं आणि दारात आले.

"मॅडम, ही ऋतुजा. माझी मुलगी. माझ्या पोटची."

मॅडमला आधी कळेना. मग कळलं. म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस तुम्ही खोटं बोललात? आम्ही आमचं बाळ तुमच्या हातात दिलं, मावशी."

मी म्हणाले, "हो, बोलले. खरं बोलले असते तर तुम्ही काम दिलं नसतं. आता मी येणार नाही."

"अहो, पण बाळ रडतंय."

"माझीपण रडत होती," मी म्हणाले. "तुम्हाला ऐकू आलं नाही. मलाही आलं नाही."

त्या गेल्या. मला काही मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं नाही. लाजच वाटली. त्या बाळाचीही आठवण यायची. त्याचा काय दोष होता.

आता मी स्वयंपाकाची कामं करते. नवीन दार वाजवायचं असलं की ऋतुजाला हाताला धरून नेते. आत पाऊल टाकायच्या आधी सांगते, ही माझी मुलगी, हिला बरं नसेल त्या दिवशी मी येणार नाही. बऱ्याच जणी 'कळवते' म्हणतात आणि कळवत नाहीत. नका कळवू.

पण ऋतुजा अजून चारचौघांत मला हाक मारायच्या आधी समोरच्याचं तोंड बघते. मारू की नको, असं. हे तिला मी शिकवलंय. उद्या मोठी होऊन विचारेल तेव्हा मी मॅडमचं नाव घेणार नाही, तिच्या बापाचं सुटलेलं काम सांगणार नाही. सांगणार, मी तुला नाकारलं. भर बाजारात, माझ्या तोंडानं. आणि पुन्हा नाकारणार नाही, चूल विझली तरी.