रहाडीच्या काठावरची जागा

जुन्या नाशकात रंगपंचमीच्या आधी पळसाची फुलं उकळू लागली, की त्या उग्र, ओलसर वासाबरोबर मला माझा दादा आठवतो. त्याच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं; जिना चढला तरी ओठ निळे पडायचे. वर्षभर मातीखाली झाकलेली रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा दगडी हौद, त्या दिवशी उघडायची. सगळे तिच्यात उंचावरून उडी घेऊन धप्पा मारायचे, आणि तो लांब ओट्यावर बसून बघायचा. एका वर्षी मात्र महिनाभर आधीपासून तो आपल्या दुधावरची साय माझ्या पेल्यात ढकलू लागला. "खा रे काड्या, वजन वाढव. तुझ्या धप्प्याने मी भिजलो पाहिजे." त्या दुपारी तो थेट काठाशी येऊन बसला. आई ओरडली, "मागे हो, गार लागेल!" "उन्हात बसलोय गं," म्हणत तो आणखी पुढे सरकला. मी डोळे मिटून उडी घेतली. वर आलो तेव्हा तो नखशिखांत भिजून हसत होता, आणि त्याचे ओठ इतरांसारखेच केशरी झाले होते. आता माझं वजन भरपूर आहे, पाणी काठाबाहेर लांबवर उडतं. वर आलो की मी आधी त्या जागेकडे बघतो.